शाळेतल्या काउन्सेलरकडे मुलीला पाठवू का?

नववीची_आई: मुलगी सीबीएसई शाळेत नववीला. सहामाहीत गणितात आपटली तेव्हापासून शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं, रविवारी मात्र ठणठणीत. क्लासटीचर म्हणतात काउन्सेलरला भेटवा, सासूबाई म्हणतात पोरीला काय वेड लागलंय का! तिथे नेमकं करतात काय? आणि बोललेलं सगळं स्टाफरूममध्ये जातं का हो?

समुपदेशक_पुणे: ताई, मी हेच काम करते. आधी पोट डॉक्टरांना दाखवून घ्या. आम्ही पहिल्या भेटीत मार्कांचा विषय काढतच नाही, झोप लागते का, डबा कोणासोबत खातेस असलंच विचारतो आणि बऱ्याचदा गणित राहतं बाजूला, मैत्रिणीशी बिनसलेलं असतं नाहीतर वर्गात कोणी चिडवत असतं. बोललेलं आमच्यापाशीच राहतं. पण जिवाला धोका असेल किंवा लैंगिक त्रासाचं काही असेल तर कळवावंच लागतं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे, आणि हे मुलीला आधीच सांगायचं असतं.

मास्तर_विदर्भ: तुमच्याकडे काउन्सेलर आहे हेच नशीब. सीबीएसईच्या नियमात तरी आहे, आमच्या खेड्यातल्या शाळेत वर्गशिक्षकच सगळं, त्यात वर्गात साठ पोरं. मी मुलांना टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फळ्यावर लिहून देतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नववीची_आई: थँक्यू. तिला न सांगता अपॉइंटमेंट घेतली तर चालेल?

समुपदेशक_पुणे: अजिबात नको. विचारा, नाही म्हणाली तर आधी तुम्ही एकट्या जाऊन भेटा.