उत्तर: कोठडीत मारहाण झाली तर

पोलिसांनी कोठडीत मारलं तर तक्रार कुठे करायची, या प्रश्नावर "एसपींकडे (पोलीस अधीक्षकांकडे) जा" असा सल्ला कुणीतरी दिलाय; तो नागपूर ग्रामीणला ठीक. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, इथे लेखी अर्ज ते ठाणं ज्या परिमंडळात (झोनमध्ये) येतं तिथल्या पोलीस उपायुक्तांकडे. पोच शिक्क्यानिशी घ्यायची. पण खरी घाई सीसीटीव्हीची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ठाण्यातलं चित्रण 18 महिने, निदान वर्षभर जपायचं असतं. तरी "कॅमेरा बंद होता" हे उत्तर ठरलेलंच! म्हणून तारीख, वेळ आणि जागा (लॉकअप, व्हरांडा, ड्युटी अंमलदाराची खोली) लिहून फुटेज जपण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.

आणि रिमांडला (कोठडीसाठी कोर्टात हजर करतात तेव्हा) न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं की गप्प राहू नका, वळ दाखवा, नोंद करायला लावा. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला मिळायलाच हवी (बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 53). बहुतेक जण ती मागतच नाहीत.