डिस्कमध्ये जागा आहे, तरी नवीन फाइल बनत नाही

प्रश्न: उबुंटू सर्व्हर, १०० जीबीचं एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन. 'डीएफ -एच' ४० टक्के मोकळं दाखवतं, पण फाइल बनवताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं. पीएचपीच्या सेशन फाइल्स (वेबसाइटवरच्या भेटींची तात्पुरती माहिती) इथेच साठतात.

उत्तर १: 'डीएफ -आय' चालवा, आययूज (आयनोडचा वापर) १०० टक्के दिसेल. प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिच्या माहितीची नोंद, लागतो. मालक, परवानग्या, आकार, वेळा आणि डेटा ब्लॉक्सचे पत्ते त्यात असतात. नाव मात्र नसतं! ते डिरेक्टरीत, आयनोड क्रमांकाशेजारी असतं. म्हणून तर हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाइलला दुसरं नाव, शक्य होते. एक्स्ट४ आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरवतं: सहसा दर १६ केबीमागे एक, म्हणजे तुमच्याकडे सुमारे ६५ लाख. सेशन फाइल २०० बाइटची असली तरी अख्खा आयनोड अडवते.

उत्तर २: इतक्या फाइल्स काढायला 'आरएम *' केलंत तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' येईल. 'फाइंड' वापरा: डिरेक्टरीचा पत्ता, मग '-टाइप एफ -एमटाइम +७' (सात दिवसांपेक्षा जुन्या फाइल्स), आणि '-डिलीट' अगदी शेवटी. ते आधी लिहिलं तर अटी तपासण्याआधीच सगळं साफ होतं. कृपया आधी '-प्रिंट' लावून यादी बघा.

प्रश्नकर्ता: ९८ टक्के फाइल्स सेशनच्या डिरेक्टरीतच निघाल्या. आयनोडची संख्या वाढवता येते का?

उत्तर १: आहे त्या आकारात नाही. पार्टिशन मोठं करून 'रिसाइझ२एफएस' चालवलं तर त्याच प्रमाणात वाढते. नाहीतर बॅकअप घेऊन नव्याने फॉरमॅट करा, लहान लिपीतल्या 'आय'पुढे ४०९६ देऊन (दर ४०९६ बाइटमागे एक आयनोड). कॅपिटल 'आय' आयनोडचा आकार बदलतो, संख्या नाही. एक्सएफएस (दुसरी फाइल सिस्टिम) लागतील तसे आयनोड बनवतं.