घरी शिवलेल्या वह्या वाकतात: कागद बदलू की गोंद?

शाईचा_डाग: दिवाळीत भेट द्यायला वह्या शिवतेय. ए-४ झेरॉक्स पेपरची मधोमध घडी, सुईदोऱ्याने शिवण, पुठ्ठ्यावर रंगीत कागद खळीने डकवते. रात्री सपाट असलेला पुठ्ठा सकाळी पापडासारखा वळलेला! शिवाय वही उघडी ठेवली की पानं फटकन मिटतात. ७० ऐवजी १०० जीएसएमचा जाड कागद घेऊ का? की खळ सोडून फेविकॉल?

आळशी_अजगर: पाऊस संपू दे, आपोआप सरळ होतील 😄

जुना_बाइंडर: होणार नाहीत. आणि १०० जीएसएमची पानं आणखी ताठ मिटतील. घोळ ग्रेनचा, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेचा आहे. मशीनवर लगदा धावत्या जाळीवर पडतो, तेव्हा बरेचसे तंतू जाळीच्या दिशेने लागतात. त्या दिशेने कागद ताठ. पाणी प्यायल्यावर तंतू जाडीत फुगतात, लांबीत नावापुरतेच. म्हणजे खळ लावलेला कागद ग्रेनच्या आडव्या अंगाला वाढतो, आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला ओढतो.

चार बोटं चौकोनी तुकडा कापा, एकाच बाजूने ओला बोळा फिरवा. त्याची नळी होईल. नळी ज्या दिशेला लांब, तो ग्रेन. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटतं आणि दुसरीकडून वेडंवाकडं, तेही याचमुळे.

पानं, पुठ्ठा, वरचा कागद, सगळ्यांचा ग्रेन शिवणीला समांतर हवा. तयार ए-४ चा ग्रेन बहुधा लांब बाजूने असतो, तुमची घडी नेमकी त्याला आडवी पडते. लांब बाजूला ग्रेन असलेला ए-३ आणून मधोमध कापा, काम होईल. खळ चालेल, पण घट्ट खळीचा पातळ थर द्या. पुठ्ठ्याला आतूनही कागद डकवा, म्हणजे ओढ दोन्हीकडून. मग रात्रभर वजनाखाली. पाटा-वरवंटा असेल तर उत्तम.

कागदी_होडी: हातकागद घ्या ना, पुण्याच्या हातकागद संस्थेचा. साच्यात हलवून काढतात, तंतू चहूकडे. ग्रेनची कटकटच नाही.

जुना_बाइंडर: कव्हरला झकास. आतल्या पानांना खिसा बघा.

शाईचा_डाग: काका, बोळा फिरवला. नळी घडीला बरोब्बर आडवी! पण घरात ए-४ चे दोन रिम पडलेत, त्यांचं काय करू?

जुना_बाइंडर: मधोमध कापा आणि वरच्या आखूड कडेला डिंक लावून रफ पॅड करा. तिथे ग्रेन कडेला समांतर येतो, पान छान उलटतं.