झटके आले म्हणजे गाबा घटलंच असं नाही

झटके आणणारं प्रत्येक औषध मेंदूतलं गाबा (चेतापेशींना शांत ठेवणारं रसायन) कमी करतं, असा एक दावा आहे. ते पटत नाही. झटके आणणारं पिक्रोटॉक्सिन गाबाचा साठा संपवत नाही, रिसेप्टरमधली (गाबा जिथे पेशीला चिकटतं ती जागा) क्लोराइडची वाट अडवतं. स्ट्रिक्निन या विषाचा रोख तर ग्लायसिन या दुसऱ्याच शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर, तोही मुख्यतः मज्जारज्जूत. गाबाची खरी घट दिसते ती आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाने. गाबा तयार करणारं एन्झाइम बी६ जीवनसत्त्वाशिवाय चालत नाही आणि हे औषध नेमकं तेच हिरावून घेतं. म्हणूनच उतारा म्हणून पायरिडॉक्सिन, म्हणजे बी६च, देतात.

आणि हो, प्रयोगातल्या उंदरांच्या मेंदूतल्या गाबाचे आकडे वाचताना उंदीर कसा मारला ते आधी बघा. मृत्यूनंतर काही मिनिटांतच मेंदूतलं गाबा वाढतं. मायक्रोवेव्हने किंवा तशाच झटपट पद्धतीने एन्झाइम लगेच थांबवले नसतील, तर त्या आकड्यांवर माझा भरवसा बसत नाही.