डिझेल गाडी चढाला दम टाकते, मदत हवी आहे

मंडळी, घरची गाडी २०१४ ची डिझेल आहे, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. महिनाभर पिकअपच नाही. रविवारी आई-बाबांना घेऊन जोतिबाला निघालो, तर चढावर दुसऱ्या गिअरमध्येही रखडायला लागली. मागून एक वडाप जीप हॉर्न वाजवत पुढे गेली, अजून काय सांगू!

दोन हजार आरपीएमपर्यंत ठीक चालते. त्यानंतर टर्बोचा (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) जो धक्का जाणवायचा तो येत नाही. जोर दिला की मागून काळा धूर निघतो आणि बॉनेटखालून बारीक 'फुस्स' असा आवाज येतो. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवीन टाकले, फरक शून्य. क्लच घसरत नसावा, कारण आरपीएम आणि वेग बरोबरीनेच वाढतात.

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, "टर्बो गेला, बदला." खर्च ऐकून गप्प घरी आलो. गाडी ऑइल खात नाही, निळा धूरही नाही, म्हणून मला ते पटत नाही. टर्बोपासून इंटरकूलरला (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी पाइप फाटला असेल का? की ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अडकला असेल? पाइपची गळती घरी साबणाच्या पाण्याने तपासता येते का? गाडी जागेवर उभी असताना बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, फारसा बनत नाही ना, म्हणून विचारतोय.

आधी काय तपासू? आणि कोल्हापुरात स्कॅनर लावून गाडी चालवत बूस्टचे आकडे बघणारं कुणी माहितीत असेल तर सांगा राव.