चांदणी, गव्हाणी, झावळ्या : सणाला घरात हातानं काय करता? (मराठवाड्यातले अनुभव)

निंबाखालची

काल आगमनकाळाचा पहिला रविवार झाला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नाताळच्या आधीचे चार रविवार. पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे येतो.) उपासनेहून येताना धाकटीनं बाजारात घडीची लाल प्लास्टिकची चांदणी बघितली आणि हटूनच बसली. घेतली. घरी आणली, उघडली, लावली, बटण दाबलं. झालं. लेकरू पुन्हा मोबाईलवर.

आमचे पप्पा जालना जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होते. डिसेंबर लागला की बुरडाकडून कामट्या आणायचे. दीड हाताच्या दहा, अर्ध्या वितीच्या पाच. पाच लांब कामट्यांची एक चांदणी बांधायची, तशीच दुसरी. दोन्ही एकीवर एक ठेवून पाची टोकं दोऱ्यानं आवळायची. मग आत जिथं कामट्या एकमेकींवरून जातात त्या पाच जागी लहान कामट्या दोन्हींच्या मधे उभ्या अडकवायच्या. तेव्हा चांदणीचं पोट फुगतं. हे पोट फुगवायचं काम पप्पा कुणाला करू द्यायचे नाहीत, कारण एक कामटी सटकली की पाची सटकतात. मग पतंगाचा कागद, खळ, आणि मागं बल्बसाठी हात जाईल एवढी खिडकी.

टोकं आवळायचं काम मात्र आम्हा भावंडांचं. प्रत्येक गाठीला गल्लीतलं एक नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी एका वाक्याची प्रार्थना करायची. पाच टोकं, पाच घरं. कुणाचा बैल मेला, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाला टायफॉईड. आपल्या घरचं नाव घ्यायचं नाही, हा नियम. मला कितीतरी वर्षं वाटायचं की सगळीकडे चांदणी अशीच करतात.

तर तुमच्या घरी काय होतं ते लिहा. विकतचं नको. फसलेलं असेल तर आधी ते लिहा.

कडबाकुट्टी

लातूरकडचा. आमच्याकडं वेळ अमावस्येला रानात कडब्याची कोप करतात, आत पांडव मांडतात, आंबील, भज्जी, उंडे. ही अमावस्या मार्गशीर्षातली, म्हणजे बऱ्याचदा नाताळच्या मागंपुढंच. आमच्या शेजारचे काका त्यांच्या रानात कोप करायचे आणि उरलेल्या पेंढ्या आमच्या अंगणात आणून टाकायचे. ‘तुमच्या बाळाला पण कोप लागते की’ म्हणायचे. त्यामुळं आमची गव्हाणी (नाताळला मांडतात तो येशूजन्माचा देखावा) म्हणजे सरळ कोपच. पाच पेंढ्या उभ्या, शेंडे वर एकत्र बांधलेले, पुढं दार. बेथलेहेमात ज्वारी होती का, असलं कुणी विचारलं नाही.

मेंढरं घरच्या कापसाची. बोंडातून काढलेला कापूस सरकीसकट घ्यायचा, सरकी आत राहिली की मेंढरू जड होतं आणि उभं राहतं. चार काड्या पायाला. डोळे मोहरीचे. एक वर्षी मी सत्तर मेंढरं केली आणि योसेफाला उभं राहायला जागा उरली नाही.

नाताळ झाला की कडबा म्हशीला. आई म्हणायची, गव्हाणीतलं वैरण हाय, जनावराच्याच पोटात गेलं पाहिजे.

छावणीतला

संभाजीनगर. खळीबद्दल लिहितो, कारण त्यात मी मार खाल्लाय. मैद्याची खळ केली की रात्री उंदीर आणि झुरळं कागद कुरतडतात. पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, आजोबाही टाकायचे. ते विषारी आहे, लहान लेकरं बोटं चाटतात, म्हणून आम्ही सोडून दिलं. आता चांदणी उंच टांगतो.

दुसरं, बल्ब. एका वर्षी शंभरचा लावला, लांबून दिसावी म्हणून. लांबून दिसली. पेटली होती. आम्ही आत कॅरल म्हणत होतो. आता एलईडी आहेत, ती भीती गेली.

पोळा_जपून

आमच्या गव्हाणीतले बैल पोळ्याचे असतात.

पोळ्याला मातीची जोडी विकत मिळते ना, पूजा झाली की लोक ठेवून देतात, नाहीतर लेकरं खेळून मोडतात. आमची आई शेजारच्या वहिनींना आधीच सांगून ठेवायची, ‘ताई, यंदाची जोडी टाकू नका हो.’ श्रावणातल्या अमावस्येपासून डिसेंबरापर्यंत ती जोडी पिठाच्या डब्यामागं. शिंगांना बेगड तसंच. बाळ येशूच्या एका अंगाला शिंगं रंगवलेली, झूल घातलेली मराठवाडी बैलजोडी.

बाकीच्या मूर्ती आम्ही घरी करायचो आणि त्या तडकायच्या. आपली काळी माती वाळली की फाटते, रानात भेगा पडतात तशाच. मरियेच्या तोंडावरून एकदा अशी भेग गेली की मी रडले. मग कुंभारणीनं सांगितलं, मातीत कापूस पिंजून कालव आणि सावलीत वाळव, उन्हात ठेवू नको. तेव्हापासून भेगा कमी. बंद नाही.

एकदा संडे स्कूलमध्ये नव्या टीचरनी विचारलं, लूकच्या शुभवर्तमानात बैल कुठं लिहिलाय? खरंच नाही लिहिला. गव्हाणी आहे, जनावर नाही. मी घरी येऊन आईवर चिडले. तिनं यशयाचा पहिला अध्याय काढून पुढ्यात ठेवला. तिथं बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याच्या गव्हाणीला, असं आहे. ‘आता बैल घालू का काढू?’ नंतर वाचनात आलं की संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी नाताळला गव्हाणी मांडली तेव्हा खरे बैल आणि गाढव आणून बांधले होते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, त्याला पोळा माहीत नव्हता ना, म्हणून खरे आणावे लागले.

उचल

वाचत होतो, लिहू का नको चाललं होतं. आमचं गाव बीड जिल्ह्यात. मायबाप ऊसतोडीला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि घरदार उचलून पश्चिमेकडं. म्हणजे नाताळ कधी गावात झालाच नाही. चर्च गावात, आम्ही फडात.

नाताळच्या संध्याकाळी कोपीसमोर मी आणि बहीण बसायचो. कामट्या कुठल्या? बाप कोयत्यानं उसाची साल उभी तासून द्यायचा, लांब लांब पट्ट्या. ओल्या असतात तोवर वाकतात. त्याच बांधायच्या, पाचटाच्या दोरीनं. वर बिस्किटाच्या पुड्याचा चंदेरी कागद, आतली बाजू बाहेर. टायरगाडीच्या दांडीला टांगायची आणि खाली कंदील.

मुंगळे. एवढे मुंगळे मी जन्मात बघितले नाहीत. उसाची साल म्हटल्यावर येणारच. चांदणी काळीभोर झाली आणि चालायला लागली. माय हसून हसून खाली बसली. दिवसभर मोळ्या वाहिलेली बाई, तिला तसं हसताना मी थोड्याच वेळा बघितलं.

प्रार्थना असायची ती गाडी भरायच्या आधी. रात्री ट्रक यायचा, किती वाजता ते कुणाला ठाऊक नसायचं. आला की माय म्हणायची, थांबा दोन मिनिटं. ड्रायव्हर थांबायचा. कधी टोपी काढायचा, कधी बिडी ओढत बसायचा. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते, एवढंच माय वाचायची, कारण तिला तेवढंच पाठ होतं. वाचता येत नव्हतं. पण वही उघडी धरायची.

आता मी नोकरीला आहे, माझ्या घरी कामट्यांची चांदणी होते. माय म्हणते हिला मुंगळे नाहीत, मजा नाही.

निंबाखालची

उचलदादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. ती वही आहे का अजून?

उचल

आहे. माझ्या गणिताची आहे ती.

घटस्थापना

मी ख्रिस्ती नाही, परभणीची. चालत असेल तर लिहिते. आमच्याकडं नवरात्रात घटाभोवती काळ्या मातीत धान पेरतात, नवव्या दिवशी वीतभर पिवळंहिरवं उगवतं. आमच्या भाडेकरू ताईंनी डिसेंबरात विचारलं, गव्हाणीपुढं गवत पाहिजे, लवकर काय उगवतं? आईनं परडी दिली, माती दिली, आणि सांगितलं की पंधरा डिसेंबरला गहू पेर, वर टोपलं झाक. झाकलं की पिवळं आणि उंच येतं, उघडं ठेवलं की हिरवं आणि बुटकं. थंडी जास्त असली तर दोन दिवस आधी पेरायचं. ताईंचं गवत एकदम झकास आलं. बदल्यात दरवर्षी करंज्यांचा डबा, आमच्या दिवाळीच्या करंज्या संपल्या की मोजून महिन्यानं.

शिंदी

आम्ही कॅथलिक, नांदेडकडचे. सगळे नाताळवरच लिहायलेत म्हणून झावळ्यांच्या रविवारचं (ईस्टरच्या आधीचा रविवार) लिहितो. आमच्या गावात नारळ नाही. ओढ्याकाठी शिंदी आहे. शिंदीच्या झावळीला बुडाशी सुईसारखे काटे असतात, ते आधी विळ्यानं छाटायचे. हे काम आजोबांचं. त्यांच्या अंगठ्यात कायम एक काटा असायचाच.

क्रूस करायला एक लांब पातं पुरतं. पातं दुमडून उभा दांडा करायचा, उरलेलं आडवं वळवून त्याच्याभोवती दोन वेढे, टोक मागच्या घडीत खुपसायचं. गाठ नाही, डिंक नाही. पातं कोवळं पाहिजे आणि त्याच सकाळचं पाहिजे. संध्याकाळपर्यंत ते कडक होतं आणि मोडतं.

तो क्रूस वर्षभर दारावर. पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी फादर सगळ्यांचे वाळलेले क्रूस परत मागवतात. ते जाळून जी राख होते तीच राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लागते. लहानपणी मला हे कळल्यावर मी माझ्या क्रूसावर खिळ्यानं खूण केली होती, म्हणजे माझी राख मलाच लागेल. आजोबा म्हणाले, राखेत खूण कुठं राहते रे.

दोन_माहेर

माझं थोडं वेगळं. सासर हिंदू, मी ख्रिस्ती, लग्न घरच्यांना न आवडता झालेलं. पहिल्या दिवाळीत सासूबाई आकाशकंदील काढायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, सांगाडा राहू द्या, मी कागद बदलते. त्या काही बोलल्या नाहीत. कंदील षटकोनी होता, चांदणी काही तो झाला नाही. पांढरा कागद आणि कडेला सहा लहान चांदण्या चिकटवल्या. असं नऊ वर्षं चाललंय. प्रार्थनेला त्या अजून बसत नाहीत, आणि मी त्यांना बोलावत नाही. पण खळ त्या शिजवतात, कारण माझ्या खळीत गाठी होतात. इथं गोडगोड वाचून वाटेल की सगळीकडे असंच मिळूनमिसळून असतं. नसतं. माझ्या भावानं अजून आमच्या घरचं पाणी घेतलेलं नाही.

पळसफूल

ईस्टरची अंडी कुणीच लिहिली नाहीत! आम्ही पळसाच्या फुलांत रंगवून बघितली. फुलं होळीच्या वेळी गोळा करून वाळवून ठेवायची, उकळायची. रंग आला, पण फिकट पिवळा, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. कांद्याची सालं त्याहून चांगली. दोन मुठी सालं, पाणी, थोडं व्हिनेगर, त्यातच अंडी वीस मिनिटं उकळायची, विटकरी रंग येतो. कोथिंबिरीचं पान अंड्यावर दाबून जुन्या साडीच्या तुकड्यात घट्ट बांधून उकळलं तर पानाचा ठसा पांढरा उरतो. अंडी पांढरीच घ्या, गावरान अंड्यावर दिसत नाही. आणि त्याच दिवशी खा. एप्रिलात आपल्याकडं पारा चाळिशीपार असतो, मी एकदा टोपली सजवून दोन दिवस ठेवली होती. नको.

आमची आजी ईस्टर कधी हे कॅलेंडर न बघता सांगायची : हनुमान जयंती झाली की पुढचा रविवार.

छावणीतला

आजीचं बरोबर आहे पण दरवर्षी नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा नियम. बहुतेकदा ती चैत्री पौर्णिमाच असते. २०२३ ला हनुमान जयंती ६ एप्रिल, ईस्टर ९ एप्रिल, जमलं. पण २०२४ ला ईस्टर ३१ मार्चला, धुळवडीनंतर सहा दिवसांनी, आणि हनुमान जयंती पार २३ एप्रिलला. आदल्या वर्षी अधिकमास येऊन गेला असला की असं होऊ शकतं.

पळसफूल

त्या वर्षी आजी असती तर म्हणाली असती पंचांग चुकलं.

निंबाखालची

सांगते काय झालं ते. शनिवारी बुरडाकडं गेले. प्लास्टिकची चांदणी खिडकीत आहेच, ती काढली नाही, भांडण कशाला. धाकटीला म्हटलं, गाठी तू मारायच्या. पहिली तीन नावं पटापट : समोरची आजी, शाळेतले वॉचमन काका, मांजर. मांजर घर धरायचं का यावर वाद झाला, धरलं. चौथ्या गाठीला वर्गातल्या एका मुलीचं नाव, जिच्याशी ती दोन महिने बोलत नाही. वाक्य काय म्हटलं ते पुटपुटली, मला ऐकू आलं नाही. पाचवी गाठ सुटली, पुन्हा मारली.

पोट फुगवताना दोनदा सटकली. शेवटी पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ते तिकडून ओरडत होते, ‘उलटी धरलीस गं, उलटी!’ आता डावीकडं जरा झुकलेली आहे, पण चांदणी आहे.

छावणीतला

खळीत मोरचूद नाही ना टाकलं?

निंबाखालची

नाही टाकलं. उंदरानं काल रात्री वरचं टोक खाल्लं. आज कागद आणायचाय.