सोफ्रोसिनी: सद्गुण की गप्प बसवायची युक्ती?

ओसरीवरचा
ग्रीकांच्या 'सोफ्रोसिनी'ला आपण 'संयम' म्हणून मोकळे होतो. मला ते तोकडं वाटतं. शब्दाच्या मुळाशी आहे मन शाबूत असणं. त्यात हाव आवरणं आलं, तसं आपली पायरी ओळखणंही आलं. प्लेटोच्या 'कार्मिडीस' संवादात त्या नावाच्या देखण्या पोराचं डोकं दुखत असतं. सॉक्रेटिस म्हणतो, पाला देतो, पण आधी मंत्र. मन बरं नसताना डोकं कसलं बरं होतंय! मग विचारतो, तुझ्यात सोफ्रोसिनी आहे का रे? पोरगा लाजून लाल. 'नाही' म्हणावं तर आपणच आपली बदनामी, 'हो' म्हणावं तर बढाई. मला तर त्या लाजण्यातच निम्मी व्याख्या सापडते.

तिखटमीठ
पुढचं सोयीने गाळलंत! त्याच संवादात क्रिटियस हा कार्मिडीसचा पालक 'ज्याने त्याने आपापलं काम करावं' या व्याख्येची बाजू घेतो. इ.स.पू. 404 मध्ये अथेन्सवर तीस जणांची जुलमी राजवट बसली, तिचा म्होरक्या हाच क्रिटियस. सुमारे दीड हजार माणसं मारली त्यांनी. कार्मिडीसही त्याच गोटात; 403 मध्ये दोघे एकाच लढाईत पडले. 'पायरी' शब्द तुमचाच. ती ठरवणार कोण?

ओसरीवरचा
'पायरी' चुकलं, मागे घेतो. पण प्लेटोने हे लिहिलं ते दोघे मेल्यावर. वाचणाऱ्या अथेन्सकरांना त्यांचे प्रताप ठाऊक होते. शेवटी एकही व्याख्या टिकत नाही. क्रिटियसच्या जिभेवर शब्द होता, अंगात नव्हता, हेच दाखवलंय असं मी वाचतो.

मधली सुट्टी
तुम्ही दोघं प्लेटोतच अडकलात राव. ॲरिस्टॉटल इथे दोन माणसं वेगळी करतो. पंगतीत जिलबी आली, साखरेचा त्रास आहे, दातओठ खाऊन 'नको' म्हटलं, तर तो नुसता निग्रही. ज्याला नको तितकी हावच सुटत नाही तो खरा सोफ्रॉन, म्हणजे सोफ्रोसिनी अंगी असलेला, आणि वरचा नंबर त्याचा. मला हे मुळीच मान्य नाही. झगडून जिंकणाऱ्याला कमी मार्क का? (मी स्वतः दोन्हीत नाही. परवा तीन खाल्ल्या.)

ओसरीवरचा
कारण झगडणारा उद्या हरू शकतो. चौथी जिलबी आहेच.

तिखटमीठ
जिलब्या राहू द्या. ग्रीक बायकांच्या थडग्यांवर कौतुकाने हाच शब्द कोरलेला सापडतो. तिथे अर्थ पतिनिष्ठ, मर्यादेत राहिलेली. कार्मिडीसला निदान विचारलं तरी, 'आहे का तुझ्यात?' या बायकांना कुणी विचारलं होतं?